पिवळ्या जास्वंदीला लाल फुले कशी आली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की या सदराकडे एका विशिष्ट तक्रारीची पत्रे येऊ लागतात: झाड तेच, कुंडी तीच, पण फुलाचा रंग मात्र निराळा. त्यांपैकी पाच पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. ती वाचताना असे दिसले की प्रत्येकाने रंगाचे वर्णन अगदी बारकाईने केले आहे, परंतु ते फूल ज्या फांदीवर आले ती फांदी नेमकी कुठून फुटली आहे, हे फारच थोड्यांनी पाहिले आहे. माझ्या अनुभवात निदान बहुतेक वेळा तिथेच होते.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून मोठ्या पिवळ्या फुलांची, मध्यभागी गडद लाल ठिपका असलेली पुणेरी जास्वंद आणली होती. गेल्या वर्षी तिने भरपूर फुले दिली. यंदा गणपतीच्या सुमारास मात्र तिला लहान, पाच पाकळ्यांची, लालभडक फुले येऊ लागली. पूजेला लाल फूल घरचेच मिळते म्हणून सासूबाईंना आनंद झाला आहे, पण मला माझी पिवळी जास्वंद परत हवी आहे. मातीत काही कमी पडले का? कोणते खत घालावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: आपल्या मातीत काही कमी पडलेले नाही आणि आपले पिवळे फूल लालही झालेले नाही. आपल्या कुंडीत पहिल्या दिवसापासून दोन झाडे होती. इतके दिवस आपल्याला त्यांतील एकच दिसत होते.

मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदींपैकी अनेकींची स्वतःची मुळे दुबळी असतात. म्हणून रोपवाटिकेत गावठी लाल जास्वंदीचे काटक रोप खुंट म्हणून घेतात आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधून कलम करतात. जमिनीखाली गावठी जास्वंद आणि वर पिवळी, असा हा संसार असतो. कलमाची काडी जोमात असते तोवर खुंट गप्प राहतो. पण मुंबईच्या पावसात कुंडीत पाणी साचले, पिठ्या ढेकणाने वरच्या शेंड्यांचा रस शोषला किंवा कलमाच्या सांध्याशी थोडी कूज लागली, की वरचा भाग मंदावतो आणि खालच्या खुंटाला स्वतःचे फुटवे येतात. ते झपाट्याने वाढतात, त्यांना लवकर कळ्या धरतात आणि एका मोसमात सगळे झाड त्यांचेच होऊन जाते.

खात्री करून घेण्यासाठी एका सकाळी कुंडीतील वरची चार बोटे माती खुरप्याने न उकरता हातानेच हळूहळू बाजूला सारावी. मुख्य खोडावर एके ठिकाणी थोडा फुगवटा किंवा तिरपा जुना व्रण दिसेल. त्याच्या वरच्या आणि खालच्या सालीचा रंगही पुष्कळदा किंचित वेगळा असतो. तो सांधा होय. आता लाल फुलांची फांदी बोटाने धरून खाली खाली जावे. ती सांध्याच्या खालून निघाली असेल, तर शंकेला जागा उरत नाही. पानेही ताडून पाहावीत. वरच्या जातीची पाने सहसा मोठी व जाडसर असतात, तर गावठीची त्यामानाने लहान, चकचकीत आणि दातेरी.

यापुढचा प्रश्न असा की सांध्याच्या वर काही जिवंत उरले आहे का. पिवळ्या जातीची एखादी फांदी हिरवी असेल, तर खालचे सगळे फुटवे काढून टाकावेत. ते कात्रीने छाटू नयेत, कारण तळाशी राहिलेल्या डोळ्यांतून महिनाभरात पुन्हा दोन-तीन फुटवे येतात. फुटवा कोवळा असतानाच तो मुळाशी धरून खालच्या बाजूला ओढून डोळ्यासकट उपटावा आणि जखम एक दिवस उघडी ठेवून वाळू द्यावी. सांध्याच्या वर सगळेच वाळले असेल, तर मात्र कोणत्याही खताने पिवळी जास्वंद परत येणार नाही, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या खिडकीतील केशरी जास्वंदीची कुंडी बदलताना मी चांगल्या हेतूने माती सढळ हाताने भरली आणि सांधा तीन बोटे मातीखाली गेला. पुढच्या श्रावणात तिला पहिले लाल फूल आले, तेव्हा मी आनंदाने ते देवाला वाहिले. कारण समजेपर्यंत केशरी फांद्या आतून काळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून घरात कलमी रोप आले की पहिल्याच दिवशी मी सांध्याशी सुतळीचा सैल तुकडा बांधते आणि माती कधीही त्या सुतळीच्या वर जाऊ देत नाही.

जास्वंदीच्या रंगबदलाचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याची याच्याशी गल्लत होऊ नये. त्यात फुलाचा आकार, पाकळ्या, पाने सर्व काही तेच राहते, फक्त छटा बदलते. गुलाबी, लाल आणि जांभळ्या छटा ज्या रंगद्रव्यांमुळे येतात, त्या अँथोसायनिनांची घडण गारव्यात चांगली होते आणि उष्ण रात्रींत मंदावते. पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइडे उष्णतेत त्यामानाने अधिक टिकतात. त्यामुळे जे मिश्र रंगाचे फूल जानेवारीत गुलाबीकडे झुकलेले असते, तेच मे महिन्यात फिकट पिवळसर दिसू शकते. आपल्याकडे वर्षातील बराच काळ रात्रीसुद्धा हवा गार होत नाही, म्हणून पुण्याच्या रोपवाटिकेत हिवाळ्यात पाहिलेला रंग मुंबईच्या गॅलरीत जसाच्या तसा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. हा बदल ऋतूबरोबर येतो आणि ऋतूबरोबर जातो; त्यावर उपाय करण्याचे कारण नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कुंपणावर पंधरा वर्षांची गडद गुलाबी बोगनवेल आहे. या वर्षी तिच्या एकाच फांदीवर पांढरी फुले आली असून काही फुले अर्धी पांढरी, अर्धी गुलाबी आहेत. काही सभासद म्हणतात की हा रोग आहे आणि ती फांदी लगेच कापून टाकावी. (सोसायटीचे एक सभासद, अंधेरी)

उत्तर: कृपा करून ती फांदी कापू नका. आपल्या कुंपणावर फार सुंदर गोष्ट घडली आहे.

प्रथम एक खुलासा करते. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती खरे तर रंगीत पाने आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. जवळ जाऊन पाहिल्यास तीन छदांच्या मध्ये प्रत्येक छदाला चिकटलेली एकेक बारीक नळी दिसेल, तिचे तोंड चांदणीसारखे उघडते. ते खरे फूल. छदांचा रंग जास्वंदीप्रमाणे अँथोसायनिनांचा नसून बीटालेन नावाच्या वेगळ्याच गटाचा आहे. बीट कापल्यावर हाताला लागतो तो, किंवा लाल माठाच्या भाजीचे पाणी ज्याने रंगते तोही याच गटातला. निसर्गात हे दोन गट एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. म्हणूनच जास्वंदीला लागू पडणारे नियम बोगनवेलीला सरसकट लावता येत नाहीत.

आता आपल्या फांदीविषयी. झाडाची प्रत्येक फांदी एका डोळ्यातून वाढते आणि त्या डोळ्यातील पेशी सतत विभागत असतात. एखाद्या वेळी त्यांतील एका पेशीत रंग घडवणाऱ्या जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून वाढलेला सगळा भाग निराळ्या रंगाचा निघतो. बोगनवेलीत हे इतर झाडांच्या मानाने वरचेवर घडते. बागेत लावल्या जाणाऱ्या तिच्या अनेक जाती याच रीतीने, कुणाच्या तरी नजरेला एक वेगळी फांदी पडली म्हणून मिळाल्या आहेत. पांढरी आणि गुलाबी छदे एकाच झाडावर धरणारी ‘मेरी पामर’ ही प्रसिद्ध जात भारतातच अशा फांदीतून मिळाली आणि तिच्यापासून पुढे पानांवर पिवळसर पट्टे असलेली ‘थिमा’ निघाली. मुंबईच्या रोपवाटिकांत ‘थिमा’ आजही सहज मिळते.

अर्धी पांढरी, अर्धी गुलाबी छदे दिसतात, याचा अर्थ त्या फांदीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत आहेत. असा रंग अस्थिर असतो. तो टिकवायचा असेल, तर फांदीच्या ज्या भागावर पांढरी छदे सर्वांत अधिक आहेत, तिथल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्या घेऊन वाळूमिश्रित मातीत लावाव्यात. सगळ्या जगणार नाहीत आणि जगलेल्यांपैकी काही पुन्हा गुलाबीवर जातील, म्हणून आठ-दहा तरी लावाव्यात. मूळ वेलीवरही लक्ष ठेवावे. पांढऱ्या फांदीतून एखादा पूर्ण गुलाबी, दांडगा फुटवा निघाला तर तो तळाशी काढावा, नाहीतर दोन वर्षांत तो पांढऱ्याला झाकून टाकील.

अशाच तक्रारीमागे कधी कधी अगदी साधे कारणही असते. एकाच खोडावर तीन-चार रंगांची कलमे बांधलेली बोगनवेल हल्ली विकत मिळते. त्यांतील जोमदार रंग, बहुधा गडद गुलाबी, बाकीच्यांना मागे टाकतो आणि घेणाऱ्याला वाटते की रंग बदलला. शिवाय काही केशरी जातींची छदे जुनी होताना गुलाबीकडे झुकतात, आणि शेजारी नवी इमारत उभी राहून ऊन अडले की कोणताही रंग फिका पडतो. आपली वेल पंधरा वर्षांची आहे आणि बदल एकाच फांदीवर आहे, त्यामुळे यांपैकी एकही कारण आपल्याला लागू नाही.

प्रश्न: महाबळेश्वरहून निळ्या फुलांचा हायड्रेंजिया आणला. ठाण्यात पुढच्या बहराला तो फिकट गुलाबी निघाला. कुणी सांगितले म्हणून कुंडीत गंजलेले खिळे पुरले, पण काही उपयोग झाला नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ज्या झाडाच्या फुलाचा रंग मातीवर थेट अवलंबून असतो, असे बागेत सहसा आढळणारे झाड म्हणजे हायड्रेंजियाच. त्याच्या एका उदाहरणावरून लोक सगळ्याच झाडांच्या मातीत लिंबू, ताक आणि खिळे घालत बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात झाडांचे हाल होतात.

निळा रंग येतो तो ॲल्युमिनियममुळे. फुलातील रंगद्रव्याशी ॲल्युमिनियम जोडले गेले की ते निळे दिसते आणि न मिळाल्यास गुलाबी. ॲल्युमिनियम जवळपास सगळ्याच मातींत असते, परंतु मातीचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी माती अधिक आम्ल) साधारण साडेपाचच्या खाली असला तरच ते मुळांना विरघळलेल्या रूपात मिळते. सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीत असूनही झाडाला मिळत नाही. महाबळेश्वरची जांभ्याची, धुवांधार पावसाने धुऊन निघालेली माती आम्ल असते, म्हणून तिथे निळा रंग सहज येतो. शहरात कुंडी भरताना मात्र मातीत बांधकामाचा चुरा, सिमेंट, चुना यांचा अंश हमखास येतो. त्यात आपण घरची राख आणि अंड्याची टरफले घालतो, त्यानेही सामू वाढतो. आपल्या झाडाने केवळ मातीची खरी परिस्थिती सांगितली आहे.

खिळ्यांतून लोह मिळते, ॲल्युमिनियम मिळत नाही, म्हणून खिळ्यांनी फूल निळे होत नाही. उपयोगी पडते ती दाढीनंतर गालावर फिरवतात ती साधी तुरटी, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असते. चहाचा एक सपाट चमचा तुरटीची पूड चार-पाच लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी, आधी साध्या पाण्याने माती ओली करावी आणि मग हे पाणी मुळाशी द्यावे. पानांवर ते पडू देऊ नये. कळ्या दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असे करावे. प्रमाण वाढवल्यास मुळे भाजतात. हाडांचे खत आणि राख पूर्ण बंद करावी, कारण स्फुरद (फॉस्फरस) अधिक झाले तर ते ॲल्युमिनियमला अडवून ठेवते. जी फुले गुलाबी उमलून गेली ती आता निळी होणार नाहीत. फरक पडेल तो पुढच्या बहरात. पांढऱ्या जातीवर याचा परिणाम होत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यापासून लपवू इच्छित नाही. हायड्रेंजियाला कळी धरण्यासाठी गारवा लागतो. ठाणे-मुंबईच्या हवेत आणलेल्या रोपाला दुसरा बहर येणेच कठीण असते. आपल्याकडे तो आला, तेव्हा आपली निगा उत्तम आहे यात शंका नाही; रंगासाठी झाडाला पणाला लावू नये.

प्रश्न: आमच्या चाळीच्या जिन्यावर चढलेल्या मधुमालतीच्या एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले असतात. माझ्या नातीने विचारले की एका वेलीला तीन रंग कसे, आणि मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत घाणेरीच्या गुच्छातही पिवळी आणि गुलाबी फुले दिसतात. (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर: आपल्या नातीचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. मधुमालतीच्या वंशाला लिनेयसच्या काळापासून क्विस्क्वालिस हे नाव होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसली?’ असा होतो. आता तिची गणना दुसऱ्या वंशात केली जाते, पण ते जुने नाव तिला शोभून दिसत असे.

नातीला घेऊन एका संध्याकाळी दिवेलागणीला जिन्यावर थांबावे. लांबट कळी उघडताना दिसेल, ती पांढरी असते आणि वासही तेव्हाच दरवळतो. फुलाची नळी बोटभर लांब असते, तळाशी मध असतो आणि तो प्यायला अंधारात लांब सोंडेचे पतंग येतात. काळोखात पांढरे फूल त्यांना ठळक दिसते. त्या फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी आणि त्यानंतर लाल झालेले दिसेल, आणि दिवसा मधमाश्या व छोटे पक्षी त्याच्याकडे येतात. म्हणजे तीन रंगांची तीन फुले नसून एकाच फुलाचे ते तीन दिवस आहेत.

घाणेरीचेही तसेच आहे. ब्राझीलमध्ये राहणारे निसर्ग अभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी 1877 मध्ये नोंदवून ठेवले आहे की तिथल्या घाणेरीचे फूल पहिल्या दिवशी पिवळे, दुसऱ्या दिवशी केशरी आणि तिसऱ्या दिवशी जांभळे होते आणि फुलपाखरे बहुतांशी पिवळ्या फुलांकडेच जातात. पिवळ्यात मध असतो, रंग बदललेल्यांत तो नसतो. मग झाड जुनी फुले गाळून का टाकत नाही? कारण भरगच्च गुच्छ लांबून ठळक दिसतो. फुलपाखरू त्यामुळे जवळ येते आणि जवळ आल्यावर रंग पाहून ताजे फूल निवडते. मार्था वाइस यांनी 1991 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की अशी खूण निरनिराळ्या कुळांतील पुष्कळ वनस्पती वापरतात. घाणेरी मूळची अमेरिकेतली असून आपल्या रानांत ती उपद्रवी ठरली आहे, म्हणून ती मुद्दाम लावू नये. पण नातीबरोबर तिच्यापाशी पाच मिनिटे उभे राहून फुलपाखरू कोणत्या रंगावर उतरते ते मोजण्यास काहीच हरकत नाही.

याच रीतीने सकाळी पांढरे उमलून संध्याकाळी गडद गुलाबी होणारे स्थलपद्म हे जास्वंदीचेच भावंड आहे. त्याचे सकाळचे फूल खुडून फ्रिजमध्ये ठेवल्यास ते पांढरेच राहते, आणि बाहेर काढून ठेवले की गुलाबी होऊ लागते. हा प्रयोग नातीला नक्की आवडेल.

प्रश्न: कुंडीतील गुलबक्षीच्या एकाच रोपावर पिवळी, लाल आणि पट्ट्यापट्ट्यांची फुले येतात. दुसरे रोप चुकून उगवले आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: खोड एकच असेल तर रोपही एकच आहे. गुलबक्षीच्या रंगाच्या जनुकात एक उपरा तुकडा शिरलेला असतो आणि फूल घडत असताना काही पेशींतून तो बाहेर पडतो. तो जिथून बाहेर पडला त्या पेशीच्या सगळ्या वंशाला रंग येतो, म्हणून कुठे ठिपका, कुठे पट्टा, तर कुठे संपूर्ण लाल फूल दिसते. जागा बदलणारे असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांवरून ओळखले आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. रोपाला काहीही करू नये. पट्टेदार फुलांचे आणि पूर्ण लाल फुलांचे काळे बी मात्र वेगवेगळ्या पुड्यांत, फांदीची खूण लिहून ठेवावे आणि जूनमध्ये दोन कुंड्यांत निरनिराळे पेरावे. कोणत्या कुंडीत काय उमलले, ते या सदराला अवश्य कळवावे.